डाव्या हाताचा बेस

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, मटण चालतं का तेही विचारलं नाही. म्हणाले, "वर जा आन् जरा वेळ नुसतं फिरा."

मी वर गेलो. रिकाम्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घातल्या. खाली आलो तर ते अनवाणी, डोळे मिटून, उजव्या हाताचा तळवा भिंतीला लावून उभे होते.

"चाल बरोबर हाय," ते म्हणाले. "आधीचा भाडेकरू टाच आपटायचा. खोली तुमची."

माझी तेव्हा नांदेडला बदली झाली होती. मुलीची शाळा मोडायला नको म्हणून बायको आणि मुलगी लातूरलाच राहिल्या आणि मी एकटा इकडे आलो. संस्थांचे हिशेब तपासणं हे माझं काम. शनिवारी दुपारच्या बसनं घरी जायचो. मधल्या संध्याकाळी रिकाम्या असायच्या, म्हणून लॅपटॉपवर संगीताचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. मला गाता येत नाही, एकही वाद्य येत नाही. पण या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा असतात. प्रत्येक स्वर म्हणजे एक चौकोन. तो किती उंच, किती लांब, किती जोरात, सगळं आकड्यांत लिहायचं. एवढं संगीत मला झेपण्यासारखं होतं.

घरमालक सत्तरीच्या पुढचे. घराणं पिंजाऱ्यांचं. घराखालीच रस्त्याच्या बाजूला त्यांचं गादीघर होतं, ते आता पुतण्या सांभाळायचा. ते स्वतः तरुणपणापासून एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत आले होते. हदगावची लग्नं, अर्धापूरचे गणपती, अहमदपूरच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले कार्यक्रम, असा त्यांचा मुलूख. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला चाची. ते मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. ऑर्केस्ट्रात माणसाला वाद्याच्या नावानं हाक मारायची पद्धत होती, ती त्यांनी घरात आणून ठेवली होती. चाची म्हणजे "लीड", कारण घरातली मुख्य धून तीच वाजवते. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी "क्लिकसाब" केलं. ताल चुकू नये म्हणून मशीन कानात टिकटिक करतं, त्याला क्लिक म्हणतात. "टाइमावर जानार, टाइमावर येनार, टाइमावर झोपनार," ते चाचीला सांगत. "वर मानूस राहत न्हाई, मशीन राहतं."

"राहू द्या," चाची म्हणायची. "खाली एक वेडा हाय, तेवढा बस झाला."

त्यांचं वेड एकच होतं. प्रत्येक गोष्टीचा खालचा आवाज ऐकायचा. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, पण दळण ते लांबच्या गिरणीत पाठवत. तिथल्या मोटारीची घरघर त्यांना पसंत होती. चाची माझ्याकडे तक्रार करायची, "पीठ जाडं येतंय, भाकर फुटून राहिली, पन सूर चांगला हाय म्हनून खा!" ऑटोत बसायच्या आधी ते इंजिन चालू करायला लावत आणि दोन-तीन ऑटो सोडून चौथ्यात बसत. बातम्या लागल्या की टीव्हीच्या स्पीकरवर पालथा हात ठेवत. "हा मानूस खोटं बोलून राहिलाय," म्हणत, "खालून पोकळ हाय."

एकदा गल्लीत वरात आली. ट्रकवर माणसापेक्षा उंच खोके रचलेले. बायकापोरं कानात बोटं घालून आत पळाली आणि हे काठी टेकत थेट खोक्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. छातीवर हात ठेवून जरा वेळ ऐकलं आणि परत आले.

"खिडक्यांच्या काचा हालतात, पोट हालत न्हाई," ते म्हणाले. "वरचं समदेच ऐकतात, क्लिकसाब. खालचं काढून घ्या, मग बगा कोन नाचतंय."

काठी लागायची, कारण मी तिथं राहायला जायच्या आदल्या वर्षी त्यांना डाव्या बाजूला अर्धांगाचा झटका आला होता. पाय बराचसा सुधारला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट चालायचं, तेही सावकाश. मधलं बोट आपल्या मनानं हलायचं. बाकीची दोन नुसती होती. दिवसभर ते हातात स्पंजचा चेंडू दाबत बसत आणि मी न विचारताच मला सांगत, "डॉक्टर म्हनतो चहाचा कप धरता आला की झालं. त्याला काय ठाऊक, ह्या हाताचं काम काय होतं."

ते काम काय होतं, हे मला चाचीनं सांगितलं. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा पडदा उघडायच्या आधी एकच बेस, म्हणजे खालच्या सुरांचा ठेका, वाजायचा. एका जुन्या परदेशी रेकॉर्डमधला, इलेक्ट्रॉनिक, सगळा मशीनवर केलेला. रेकॉर्ड यांच्यापर्यंत पोचली होती ती कॅसेटवर कॅसेट उतरवत. चाचांनी ती ऐकून बेस डाव्या हातात बसवला, आणि उजव्या हातानं वरची धून. अंधारात तो बेस सुरू झाला की लांब उभी असलेली माणसंही मांडवाकडे पळत सुटायची. ऑर्केस्ट्राचं नाव पुकारायची गरज नसे. "माझ्या मैतरनींना नवऱ्याची गाडी ऐकू यायची," चाची म्हणाली, "मला हे ऐकू यायचं."

दर रविवारी त्यांच्या ड्रमवाल्याचा फोन यायचा. त्याला ते "ढोल" म्हणत. अहमदपूरकडचा शेतकरी माणूस, घरची सोयाबीनची जमीन. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर तो शेतात गेला आणि हे गादीघरात. एका रविवारी मी घरी न जाता नांदेडलाच होतो, तेव्हा त्यांचं बोलणं माझ्यासमोर झालं. फोन स्पीकरवर होता.

"बेस जित्ता हाय का?" तिकडून ढोलचा आवाज आला.

"ढोल फुटला का न्हाई अजून?"

"आरं ऐक. आपली जी चार-दोन मंडळी उरल्यात, त्यांना लातूरला बोलावलंय. एक छोटा हॉल घेतलाय. दुपारचं जेवन, आन् मग वाजवायचं. तुझ्या बेसनं सुरू करायचं."

"मी येत न्हाई."

"येत न्हाई म्हंजे?"

"जेवायला कशाला येऊ लातूरपर्यंत? जेवन इथं भेटतं. बेस वाजवता येत असंल तर बेस येईल. न्हाईतर बेस न्हाई म्हनून सांग."

ढोल म्हणाला, "तू न्हाईस तर मी तरी कशावर वाजवू?" आणि फोन ठेवला.

चाचा चेंडू दाबत राहिले. चाचीनं माझ्याकडे बघितलं.

म्हणून मी तो बेस माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करायचं ठरवलं. विचार साधा होता. लॅपटॉपवर बेस तयार असला की चाचांनी उजव्या हातानं वरची धून वाजवायची. मूळ रेकॉर्ड नेटवर सापडली. तिचा वेग मिनिटाला एकशे सव्वीस ठोके. चार वेगळ्या सुरांवर सरकत जाणारा एकच नमुना, प्रत्येक ठोक्यात चार स्वर, एक जोरात, एक हळू, एक जोरात, एक हळू. मी चौकोन भरत गेलो. जोरातल्या स्वरांना एक आकडा, हळूंना दुसरा. मूळ रेकॉर्डशी ताडून बघितलं आणि समाधान झाल्यावर चाचांना ऐकवलं.

त्यांनी चपला काढल्या, स्पीकर फरशीवर ठेवायला लावला. ऐकलं आणि मान हलवली.

"कोनाच्या मागं कुत्रं लागलंय?"

"चाचा, मूळ रेकॉर्ड एवढीच आहे. मी मोजलंय."

"मग त्यांची चुकली असंल."

शेवटी चाचीनं कपाटातून त्यांच्या एका कार्यक्रमाची कॅसेट काढली. त्यात माणसांचा गलका जास्त आणि वाद्यं कमी, पण बेस कळत होता. वेग एकशे आठ. आणि सूर मूळ रेकॉर्डपेक्षा पावणेतीन पट्ट्या खाली. दोन्ही फरक एकाच प्रमाणात, म्हणजे कारण एकच. चाचा ज्या टेपवर तो बेस शिकले, तो टेप उतरलेल्या सेलवर मंद चालत होता. सगळ्या मुलुखानं त्यावरच नाच केला होता. मी एकशे आठ केलं, सूर खाली आणला. चाचांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"हा," ते म्हणाले. "हा आमचा."

मग मी लातूरची योजना सांगितली. चेहरा पुन्हा घट्ट झाला. "आन् मी काय करू? लॅपटॉपच्या शेजारी पाहुन्यासारखा उभा राहू?"

"तुम्ही वरची धून वाजवायची. नाहीतर मग बेसच उजव्या हातानं वाजवा."

उलट्या हातानं जेवा असं सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उजवा हात वरचा. त्याला खालचं काय कळतं? आन् लोकांना मी काय सांगू, बेस ह्यो डबा वाजवून राहिलाय? न्हाई क्लिकसाब. वाजवला तर ह्या हातानं, न्हाईतर न्हाई."

गणितानं त्यांची बाजू अवघडच होती. एकशे आठच्या वेगाला ठोक्यात चार स्वर म्हणजे सेकंदाला सातच्या वर. झटक्यानंतरच्या दोन बोटांना ते शक्य नव्हतं. लातूरचा दिवस जवळ येत होता.

त्याच आठवड्यात मला ती गोष्ट सापडली. हा बेस कसा बनवला हे समजावून सांगणारा एका जाणकाराचा व्हिडिओ मी बघत होतो. त्यानं सांगितलं की मूळ रेकॉर्डमध्ये मशीननं निम्मेच स्वर वाजवले आहेत, फक्त जोरातले. मधले हळू स्वर कुणी वाजवलेलेच नाहीत. ते इकोमधून आलेत. इको म्हणजे वाजलेला स्वर थोड्या वेळानं, जरा बारीक होऊन परत ऐकू येणं. मी माझ्या चौकोनांतले सगळे हळू स्वर पुसून टाकले आणि इको लावला. वेळ बसवली. एकशे आठच्या वेगाला ठोक्याचा चौथा भाग म्हणजे सुमारे एकशे एकोणचाळीस मिलिसेकंद. वाजवून बघितलं. तंतोतंत तोच बेस. पुन्हा पुन्हा तपासलं, चूक नव्हती.

म्हणजे आमच्या चाचांनी आयुष्यभर मशीनचा प्रतिध्वनी स्वतःच्या बोटांनी वाजवला होता. त्यांना तो हातानं वाजवलेला स्वर वाटला आणि त्यांनी तो हातानं वाजवून दाखवला.

हे त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. निम्मे स्वर वाजवायचे म्हटलं तर त्यांचा हात कदाचित पुरला असता. पण ज्या कष्टाचा त्यांना अभिमान होता, ते कष्ट करायची गरजच नव्हती असं त्या माणसाला कसं सांगायचं? मी आधी चाचीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"सांगा," ती म्हणाली. "नुसतं बसून राहन्यापरीस चिडलेला बरा."

मी सांगितलं. आधी सगळे स्वर वाजवून दाखवले, मग निम्मे आणि इको. चाचांनी तीनदा ऐकलं. बराच वेळ ते डाव्या हाताकडे बघत होते.

"आमच्याकडं इको एकच होता," अखेर ते म्हणाले. "तो सिंगरच्या माइकला. बेसला कोन देनार इको?" मग माझ्याकडे न बघता, "माझे वालिद कापूस पिंजायचे. कमानीच्या तातीवर लाकडी दस्ता मारला की एक आवाज जोरात, आन् मागून एक हळू. धुं-क, धुं-क. मी म्हनलं, हे बी तसंच असंल. मागचा आवाज बी कष्टाचा असंल."

"तुम्ही मशीनपेक्षा जास्त वाजवलंत, चाचा."

"खामखा वाजवलं," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढचे दोन-तीन दिवस माझ्याशी बोलणं बंद. चाचीकडून चहा यायचा, निरोप नाही. मग एका संध्याकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. झटक्यानंतर ते कधी वर आले नव्हते. दारात टेकून त्यांनी श्वास घेतला.

"एक सोडून एक मारायचा ना?"

"हो."

"आनि मधला मशीन देतं?"

"हो. पण पहिला तुम्ही मारला तरच."

"तेवढं तरी ठेवलंय आमच्यासाठी. लावा."

माझ्याकडे लॅपटॉपला जोडायची छोटी की-बोर्डची पट्टी होती. अंगठा आणि शेजारचं बोट, आळीपाळीनं. सेकंदाला साडेतीन स्वर. पहिले दिवस भयंकर गेले. अडचण अशक्तपणाची कमी आणि सवयीची जास्त होती. त्यांचं मधलं बोट गप्प बसेना. ते अर्धमेलं बोट प्रत्येक मोकळ्या जागेत आपला हळू स्वर द्यायला जायचं, उशिरा पडायचं, आणि इकोशी त्याची टक्कर व्हायची.

"थांब ना बाबा," ते बोटाला म्हणायचे. "तुझी नोकरी गेली."

ते सांगून ऐकेना, तेव्हा गादीघरातून खोळीच्या कापडाची पट्टी आणून त्यांनी ते बोट पलीकडच्या दोन निकामी बोटांना बांधून टाकलं. मग हळूहळू बेस उभा राहायला लागला. आधी थोडा वेळ, मग जास्त. एकदा सबंध फेरी न चुकता झाली तेव्हा खालून चाचीचा आवाज आला, "कोन वाजवून राहिलंय?" तिला पक्कं ठाऊक होतं. चाचा तोंड खिडकीकडे फिरवून बसले.

आता एकच धोका राहिला होता. इकोची वेळ मी आकड्यात बांधली होती. वेग बदलला की स्वर आणि इको एकमेकांवर आदळणार. आणि चाचा म्हणाले, "ढोल पळतो."

"म्हणजे?"

"खूश झाला की पळतो. जिंदगीभर पळालाय. मी मागनं पळत जायचो."

"मग त्यांना आधी सांगून ठेवू."

"सांगितलं की जास्त पळतो."

"मग ते पळाले की मी लॅपटॉपवर वेग वाढवत जातो."

"बिलकुल न्हाई. तुम्ही बी हालला तर मी कोनाला धरू? तुम्ही क्लिक हाय, तुम्ही जागा सोडू नका."

ठरलेल्या दिवशी आम्ही गाडी करून लातूरला गेलो. की-बोर्ड चाचांनी मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. हॉलच्या दारातच ढोल उभे होते, पांढरा पायजमा, उन्हानं काळवंडलेला चेहरा, पिळदार माणूस.

"आरं बेस, वाळलास की रं!"

"तू सुजलास."

ढोलनी त्यांना मिठी मारली, मग बांधलेली बोटं बघितली. जेवणात त्यांनी चाचांच्या ताटातली भाकरी गप्पा मारता मारता कुस्करून दिली.

समोर पन्नासएक माणसं असतील, बहुतेक जुन्या मंडळींच्या घरची. मी मंचाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलो. पडद्यावर एकशे आठ. चाचांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि सुरुवात केली. एक त्यांचा, एक इकोचा. एक त्यांचा, एक इकोचा. समोरच्या बोलण्याचा आवाज कमी होत बंद झाला. मग ड्रम आले.

मी श्वास धरून ऐकत होतो. कधी पळतात, कधी पळतात. पडद्यावरची रेघ सरकत होती आणि ड्रमचा प्रत्येक ठोका तिच्यावर पडत होता. चाचांच्या उजव्या हातानं वरची धून धरली. लोकांनी टाळ्या धरल्या. आता तरी पळणार असं वाटलं. मी ढोलकडे बघितलं. ते ड्रमकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत नव्हते. मान वाकडी करून ते फक्त चाचांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात जेवढं चालत होता, तेवढंच ते चालत होते. शेवटपर्यंत.

टाळ्या थांबायच्या आत चाचा त्यांच्याकडे वळले. "आज पळाला न्हाईस. तब्येत बरी न्हाई का?"

"तुझा हात बगून राहिलो होतो." ढोलनी बाहीनं मान पुसली. "म्हनलं, आज ह्येच्या मागं मागं जावं."

चाचांनी बांधलेली बोटं मांडीवर टेकवली.

"पन लई अवघड हाय गड्या," ढोल म्हणाले. "पाय आखडला माझा. आता एकदा पळू दे."

चाचांनी उजव्या हातानं बोटांवरच्या पट्टीची गाठ सोडली आणि कापड खिशात टाकलं. "क्लिकसाब, इको बंद करा."

"चाचा, निम्मेच स्वर राहतील."

"र्‍हाऊ द्या. बंद करा."

मी बंद केला. ढोलनी काड्या वर केल्या आणि सुटले. चाचा त्यांच्या मागे. काही स्वर लागले, काही राहिले, मोकळं झालेलं मधलं बोट जिथं जमेल तिथं पडत होतं. दोघंही मोठमोठ्यानं हसत होते. माझ्या पडद्यावर एकशे आठ तसंच होतं. ते दोघं केव्हाच त्याच्या पुढे गेले होते.